साल्वादोर : ब्राझीलची जुनी राजधानी

जुन्या गोव्यात आज इगर्जी आहेत, पण नगर नाही. रोगांच्या साथींनी ते उजाड केले, १७५९ साली विजरईने आपला मुक्काम पणजीस हलविला आणि १८४३ साली राजधानीचा मानही पणजीस मिळाला. याच पोर्तुगीज सत्तेने अटलांटिक महासागराच्या पलीकडे वसविलेली दुसरी राजधानी मात्र ओस पडली नाही. ब्राझीलमधील साल्वादोर हे शहर १५४९ पासून १७६३ पर्यंत त्या अफाट वसाहतीची राजधानी होते. आज ते बाइया राज्याचे मुख्य ठिकाण असून २०२२ च्या जनगणनेप्रमाणे त्याची वस्ती २४ लाखांहून अधिक आहे. दक्षिण अमेरिकेस जाणारे आपल्याकडील प्रवासी बहुधा रिओ पाहतात आणि परत फिरतात. त्यांनी साल्वादोर चुकवू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. मात्र तेथे पाऊल ठेवण्यापूर्वी त्याचा इतिहास थोडा जाणून घ्यावा, कारण इतिहासावाचून पाहिले असता हे शहर नुसतेच सुंदर दिसते.

ब्राझील पोर्तुगीजांच्या हाती लागले ते हिंदुस्थानच्या वाटेवर. १५०० साली काब्रालचे आरमार वास्को द गामाच्या मागोमाग कालिकतकडे निघाले असता २२ एप्रिल रोजी त्यास पश्चिमेकडे ही भूमी दिसली. पुढल्या वर्षी १ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, दुसऱ्या एका तुकडीने साल्वादोरच्या उपसागरात प्रवेश केला, म्हणून त्याचे नाव ‘सर्व संतांचा उपसागर’ असे पडले. हिंदुस्थानात तलवार गाजवून परतलेल्या फ्रान्सिस्कु पेरैरा कुतिन्यो नावाच्या सरदारास १५३४ साली हा मुलूख इनाम मिळाला. परंतु तेथील मूळच्या तुपिनांबा लोकांशी त्याचे जमले नाही आणि १५४७ मध्ये इतापारिका बेटावर त्यांच्या हातून तो मारला गेला. खाजगी इनामदारांकडून वसाहत सांभाळली जात नाही हे ध्यानी आल्यावर राजा तिसरा जुआंव याने तोमे द सोझा यास पहिला गव्हर्नर नेमून पाठविले. तो २९ मार्च १५४९ रोजी सुमारे एक हजार माणसे घेऊन येथे उतरला. त्यांत सैनिक व कारागीर होते, हद्दपार केलेले गुन्हेगार होते आणि मानुएल द नोब्रेगा याच्या नेतृत्वाखाली सहा जेझुइटही होते. फ्रान्सिस झेवियर गोव्यास पोहोचून तेव्हा सातच वर्षे झाली होती.

शहराची जागा पाहताच ती का निवडली हे कळते. किनाऱ्याला लागून एक उभा कडा आहे, सुमारे सत्तर मीटर उंचीचा. वर राजवाडा, इगर्जी, मठ आणि धनिकांची घरे. खाली बंदर, वखारी आणि बाजार. प्रवाशांनी ‘वरचे शहर’ आणि ‘खालचे शहर’ हे दोन शब्द पहिल्याच दिवशी पाठ करावेत. तीनशे वर्षे या दोन शहरांमधील चढउतार गुलामांच्या खांद्यांवरून होत असे. धनी पालखीत बसत आणि माल दोरांनी ओढला जाई. ८ डिसेंबर १८७३ रोजी येथे लासेर्दा यांचा उद्वाहक सुरू झाला. त्याचे आजचे रूप १९३० चे आहे, आणि थोड्या पैशांत काही सेकंदांत तो आपणांस वर नेऊन सोडतो. वरच्या सज्जातून उपसागराचा जो देखावा दिसतो त्याची तुलना आम्ही कशाशीही करू इच्छीत नाही.

उद्वाहकापासून उत्तरेकडे दहा मिनिटे चालले की पेलोरिन्यो हा भाग लागतो. निळी, पिवळी, गुलाबी घरे, गोट्यांनी बांधलेले उतरते रस्ते, दारांतून ऐकू येणारे ढोल. युनेस्कोने १९८५ साली या भागाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. परंतु पेलोरिन्यो या शब्दाचा अर्थ काय? तो आहे शिक्षेचा खांब, ज्यास बांधून चौकात जाहीरपणे फटके मारीत. आमच्या वाचकांना जुन्या गोव्यातील ‘हातकातरो खांब’ आठवल्यावाचून राहणार नाही. साल्वादोरचा खांब आज उभा नाही. राहिले आहे ते नाव, आणि त्या नावाने आता आनंदी प्रवासाची जाहिरात केली जाते. संशोधकांच्या गणनेप्रमाणे सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली, आणि त्यांतील फार मोठा वाटा याच उपसागरात उतरला. उपसागराच्या भोवतालच्या उसाच्या मळ्यांत व साखरेच्या घाण्यांवर ती राबली. गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. म्हणून या चौकात उभे राहून छायाचित्र काढण्यापूर्वी क्षणभर थांबावे. १९९० नंतरच्या दशकात सरकारने या घरांची डागडुजी केली ती उत्तमच. पण त्या वेळी त्यांत राहणाऱ्या हजारो गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय लोकांना तेथून उठविण्यात आले आणि त्यांच्या खोल्यांत दुकाने आली. वारसा राखावयाचा तो भिंतींचा की माणसांचा, हा प्रश्न आम्हांस तेथील रंगांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

याच चौकाच्या उतारावर निळ्या रंगाची रोझारी मातेची इगर्ज आहे. कृष्णवर्णीयांच्या बंधुसंघाने ती १७०४ मध्ये बांधावयास घेतली आणि जवळजवळ शतकभर तिचे काम चालले, कारण बांधणाऱ्यांना स्वतःच्या मालकीचा वेळ नव्हता. शेजारच्या सांव फ्रान्सिस्कुच्या इगर्जीत भिंती, खांब, छत सारे सोन्याच्या मुलाम्याने मढविलेले आहे. अठराव्या शतकात मिनासच्या खाणींचे सोने वाहू लागल्यावरची ही श्रीमंती. मठाच्या आवारातील निळ्यापांढऱ्या चिनीमातीच्या फरशा लिस्बनहून आलेल्या आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये या इगर्जीच्या छताचा भाग कोसळून एका तरुण प्रवासी स्त्रीचा अंत झाला व इमारत बंद करण्यात आली. तेव्हा तेथे जाण्यापूर्वी चौकशी करून निघावे. दोन्हींपैकी एकच पाहण्याइतका वेळ असेल तर आम्ही रोझारी मातेची इगर्ज निवडू.

आजचे मुख्य कॅथीड्रल ही मुळात जेझुइटांची इगर्ज होय. १६५७ ते १६७२ या काळात ती बांधली गेली आणि तिच्या दर्शनी भागाचा फिकट दगड पोर्तुगालहून जहाजांतून आणलेला आहे. प्रख्यात प्रवचनकार आंतोनियु व्हिएइरा याच जेझुइटांच्या विद्यालयात शिकला आणि १६९७ मध्ये याच शहरी वारला. जुने कॅथीड्रल मात्र शोधू नये. ट्रामचा रस्ता काढण्यासाठी ते १९३३ साली पाडण्यात आले. गोवेकरांस कुतूहल वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. १६८६ साली साल्वादोरमध्ये पीतज्वराची भयंकर साथ आली, तेव्हा नगरसभेने शहराचा संरक्षक म्हणून संत फ्रान्सिस झेवियरची निवड केली. ज्याचे शव जुन्या गोव्याच्या बॉम जेजू इगर्जीत आहे आणि ज्याने ब्राझीलची भूमी कधी पाहिली नाही, तो अशा रीतीने साल्वादोरचा ग्रामरक्षक झाला.

हा संबंध केवळ भक्तीचा नव्हता. गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजे पाणी, अन्न व डागडुजी यांचे निमित्त सांगून साल्वादोरला थांबत. प्रारंभी त्यास मनाई होती, पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो नेहमीचाच क्रम झाला. हिंदुस्थानचे सुती कापड येथे उतरे, आणि त्यातील काही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुन्हा माणसे विकत घेण्याच्या कामी येई. उलट बाजूने बाइयाचा तंबाखू गोव्यास पोहोचे, व तंबाखूच्या मक्त्याचे उत्पन्न हा गोव्याच्या खजिन्याचा एक मोठा आधार होता. माणसेही अशीच फिरत. वास्को फेर्नांदिश सेझर द मेनेझिश हा १७१२ ते १७१७ गोव्यात विजरई होता. तोच १७२० ते १७३५ साल्वादोरमध्ये ब्राझीलचा विजरई झाला आणि १७२४ मध्ये त्याने तेथे विद्वानांची एक सभा स्थापिली. झाडांची देवघेव तर आपल्या ताटातच आहे. काजू व अननस तिकडून आले आणि त्यांची नावे मूळ तुपी भाषेतील. आंबा व फणस इकडून गेले आणि त्यांना तिकडे आजही ‘मांगा’ व ‘झाका’ म्हणतात, जे शब्द मलबारचे.

या शहराने मुकाट्याने सोसले असे मात्र समजू नये. गोव्यात १७८७ साली पिंटोंचा कट उघडकीस आला. त्यानंतर अकराच वर्षांनी साल्वादोरमध्ये शिंपी, शिपाई व मुक्त कृष्णवर्णीय यांनी समतेचे व प्रजासत्ताकाचे जाहीरनामे भिंतींवर डकविले. दोन शिंपी आणि दोन शिपाई ८ नोव्हेंबर १७९९ रोजी पिएदादे चौकात फासावर गेले. १८३५ च्या जानेवारीत, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, मुसलमान आफ्रिकी गुलामांनी व मुक्त झालेल्यांनी उठाव केला. सुमारे सहाशे माणसे रस्त्यावर उतरली आणि सत्तराहून अधिक मारली गेली. त्यांच्या गळ्यांतील ताविजांत अरबी लिपीतील कागद सापडले. ज्यांना आपण अडाणी समजतो ते लिहू-वाचू शकतात, हे पाहून धन्यांची झोप उडाली. ब्राझीलने ७ सप्टेंबर १८२२ रोजी स्वातंत्र्य पुकारले, पण साल्वादोरमधून पोर्तुगीज फौज हलली ती २ जुलै १८२३ रोजी, लढाई हरल्यावरच. त्यामुळे येथील लोक २ जुलै हाच आपला खरा दिवस मानतात. शक्य असल्यास तो उत्सव गाठावा. मिरवणुकीत मूळ रहिवाशांचे प्रतीक असलेल्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती रथातून नेतात.

आफ्रिकेहून आलेले योरुबा देव येथे संतांच्या नावांआड जगले. त्या पंथास कान्दोम्ब्ले म्हणतात, आणि त्याचे ‘कासा ब्रांका’ हे जुने पीठ १९८४ साली राष्ट्रीय वारसा म्हणून मान्य झाले. जानेवारीत पांढरी वस्त्रे नेसलेल्या स्त्रिया सुवासिक पाण्याचे घट घेऊन सुमारे आठ किलोमीटर चालत बोंफिंच्या इगर्जीस जातात व तिच्या पायऱ्या धुतात. अशाच पांढऱ्या वेषातील स्त्रिया रस्त्याच्या कडेला अकाराझे विकतात. चवळी भिजवून, सोलून, वाटून देंदे या ताडतेलात तळलेला तो वडा. आत सुकी कोलंबी असते, शाकाहारी मंडळींनी आधीच सांगावे. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांस ठाऊक नसते. महात्मा गांधींच्या हत्येनंतर, १९४९ साली, येथील गोदी कामगारांनी ‘गांधींचे पुत्र’ नावाचे पथक काढले. आजही कार्निव्हलमध्ये पांढरे झगे, फेटे आणि निळ्यापांढऱ्या मण्यांच्या माळा घालून हजारो पुरुष शांततेचा घोष करीत चालतात.

एप्रिल ते जुलै पाऊस फार, म्हणून तो काळ टाळावा. पादत्राणे साधी घ्यावीत, गोट्यांचे रस्ते चिकण असतात. जुन्या वैद्यक विद्यालयाच्या इमारतीतील आफ्रो-ब्राझिलियन संग्रहालयात कारिबे याने कोरलेल्या देवतांच्या लाकडी फळ्या आहेत, त्यांसाठी अर्धा दिवस ठेवावा. ते विद्यालय १८०८ चे, म्हणजे पणजीच्या वैद्यक शाळेहून चौतीस वर्षांनी वडील. शेवटची संध्याकाळ बार्राच्या किल्ल्यावर घालवावी. पूर्वेकडील किनारा असूनही येथे सूर्य पाण्यात बुडताना दिसतो, कारण समोर उपसागराचे मुख आहे. किल्ल्यातील संग्रहालयात १६६८ साली याच किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘साक्रामेन्तु’ जहाजातून काढलेल्या वस्तू मांडल्या आहेत, आणि १६९८ पासून येथे दीपगृह आहे. त्यानंतर गोव्याहून आलेली जहाजे त्याच टोकाला वळसा घालून आत शिरत.