हाफ-लाईफ : तयार झालेला खेळ मोडला, त्याची गोष्ट

शाळेत असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राईक खेळलेले तुमच्यात बरेच निघतील. तो खेळ सुरुवातीला स्वतंत्र नव्हता. दुसऱ्याच एका खेळाचा मॉड म्हणून १९९९ मध्ये दोघा पोरांनी तो केला. मूळ खेळ म्हणजे १९९८ चा 'हाफ-लाईफ'. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला २५ वर्षं झाली तेव्हा व्हॉल्व्ह कंपनीने तो काही दिवस फुकट दिला होता. मी लगेच उचलून ठेवला, आणि आता दोन वीकेंड घालून खेळलो.

गोष्ट साधीच आहे. गॉर्डन फ्रीमन हा एमआयटीचा भौतिकशास्त्रज्ञ. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखालच्या ब्लॅक मेसा नावाच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग फसतो, परग्रहावरचे प्राणी घुसतात, आणि मग सगळ्यांचं तोंड बंद करायला सरकार सैनिक पाठवतं. पण सुरुवात बघा. पहिली काही मिनिटं तुम्ही नुसते ट्रॅममध्ये बसून कामाला निघालेले असता. हातात बंदूक नाही, समोर शत्रू नाही. त्या काळचे शूटर पहिल्या सेकंदाला हातात पिस्तूल द्यायचे, त्यामुळे हा प्रकार तेव्हा केवढा वेगळा वाटला असेल! पुढेही मध्येच पिक्चर दाखवून गोष्ट सांगणं नाही. जे घडतं ते गॉर्डनच्या डोळ्यांसमोर.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी मायक्रोसॉफ्ट सोडून १९९६ मध्ये व्हॉल्व्ह काढली. क्वेकचं इंजिन लायसन्सवर घेतलं आणि १९९७ च्या नाताळात खेळ बाजारात आणायचं ठरवलं. सप्टेंबर उजाडला तेव्हा लेव्हल, राक्षस, हत्यारं सगळं होतं. फक्त खेळायला मजा येत नव्हती. लेव्हल एकमेकींशी जुळत नव्हत्या. एखादी भन्नाट गोष्ट एका कोपऱ्यात दिसायची आणि बाकी खेळात तिचा पत्ता नसायचा.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. 'फेज टू मध्ये बघू' म्हणतात आणि रिलीज करतात. व्हॉल्व्हने तारीख सोडली, आणि जवळजवळ सगळं पुन्हा करायला घेतलं. आधी मोजक्या जणांनी महिनाभर बसून, जे जे मजेशीर होतं ते एकाच लेव्हलमध्ये कोंबलं. ती लेव्हल सगळ्यांना आवडली. आता पूर्ण खेळ असा करायचा तर डिझायनर हवा. मनासारखा माणूस मिळेना, म्हणून त्यांनी आपल्यातल्याच लोकांचा एक गट केला. आठवड्याला चार दिवस, रोज सहा तास, असे पाच महिने हा गट बसत होता. (इतक्या मीटिंग आपणही करतो म्हणा. :) )

केन बर्डवेल या त्यांच्या इंजिनिअरने नंतर हे सगळं लिहून ठेवलं. त्यातला एक विचार मला फार पटला. घटना घड्याळाच्या काट्यावर घडवायच्या नाहीत, खेळाडू चालेल तशा घडवायच्या. ज्याला मारामारी हवी तो पळत पुढे जाईल, ज्याला दम घ्यायचाय तो थांबेल. दुसरं म्हणजे, भिंतीवर गोळी मारली तर भिंतीवर खूण उमटलीच पाहिजे. तुम्ही तिथे आहात याची दखल जगाने घ्यायला हवी.

मग टेस्टिंग. बाहेरचा माणूस बोलवायचा, दोन तास खेळू द्यायचा, आणि ती लेव्हल करणाऱ्याने मागे गप्प बसून बघायचं. बोलायला बंदी. समोरचा वीस मिनिटं एका दारापाशी घुटमळतोय, तरी 'अरे, ते बटण दाब ना' म्हणायचं नाही! अशी दोनशेहून जास्त सत्रं झाली, आणि एकेका सत्रातून शंभरेक दुरुस्त्या निघायच्या. आज खेळताना ते कळतं. सायलोमधला तो तीन तोंडांचा आंधळा राक्षस घ्या. तो फक्त आवाज ऐकतो. दूर ग्रेनेड फेकायचा आणि हळूच सटकायचं. कुणी शिकवत नाही, तरी समजतं.

पण सगळंच जमलंय असं नाही हं. शेवटचा झेन नावाच्या परक्या जगाचा भाग कंटाळवाणा आहे. तरंगत्या दगडांवर उड्या मारायच्या, खाली पडायचं, पुन्हा लोड करायचं. बाकीच्या खेळावर जेवढा हात फिरलाय तेवढा इथे फिरलेला दिसत नाही. गंमत म्हणजे हे दुखणं चाहत्यांनाही इतकं डाचत होतं की, 'ब्लॅक मेसा' या नावाने अख्खा खेळ नव्याने बांधणाऱ्यांनी २०१२ मध्ये झेन वगळूनच आपलं काम बाहेर आणलं. झेन त्यांनी मुळापासून रचला आणि तो पूर्ण व्हायला २०२० उजाडलं. नाताळ त्यांचेही बरेच हुकले. पुढच्या वीकेंडला तो खेळायला घेतोय.