ओकांचे नाते : हरितलवकाची साक्ष आणि केंद्रकाची

ओकांची वर्गवारी पूर्वी पाने, साल आणि फळाला धरून ठेवणारी वाटी पाहून करीत. ही लक्षणे दगा देतात. एकाच झाडाची उन्हातली आणि सावलीतली पाने वेगळी दिसतात, शिवाय शेजारच्या जातींत संकर होतो. क्वेर्कस या प्रजातीतल्या सुमारे ४३० जातींचे नाते लावायला डीएनएचा आधार घ्यावाच लागला.

आरंभी वाचला गेला तो हरितलवकांचा डीएनए. तो लहान आणि हाताळायला सोपा. पण १९९१ साली व्हिटमोर आणि शाल यांनी अमेरिकेच्या पूर्व भागातल्या श्वेत ओकांत दाखवून दिले, की तो जातीपेक्षा ठिकाणानुसार जुळतो. याचे कारण प्रजननात आहे. हरितलवक येते केवळ मातेकडून, बीजातून. आणि बीज परागाच्या मानाने जवळच रुजते. पराग वाऱ्यावर दूर जातो. परक्या जातीचा पराग पिढ्यानपिढ्या पडत राहिला, तर केंद्रकातला डीएनए जवळपास सगळा त्या जातीचा होतो, हरितलवक मात्र मूळ मातेचेच उरते. युरोपात याच गुणाचा उत्तम उपयोग झाला. हिमयुगात इबेरिया, इटली आणि बाल्कन येथे तगलेले ओक उत्तरेकडे कोणत्या वाटांनी पसरले, हे त्यातून उलगडले. प्रवासाचा हा साक्षीदार भरवशाचा आहे. जातींच्या नात्यासाठी त्याला उभे करू नये.

ते नाते लागते केंद्रकातल्या डीएनएवरून. रॅड-सीक पद्धतीत एक विकर ठरावीक अक्षरक्रम आढळेल तिथेच डीएनए कापते. कापांलगतचे हजारो तुकडे वाचून जातीजातींत ताडून पाहतात. काही तुकड्यांत संकराने गोंधळ घातला असला, तरी बहुसंख्य तुकड्यांतून वंशवृक्ष उमटतो. अँड्र्यू हिप आणि सहकाऱ्यांनी २०२० साली सुमारे २५० जातींचा असा वंशवृक्ष मांडला. त्यात दोन मोठ्या शाखा ठळक दिसतात : मुख्यतः अमेरिकेतली, प्रजातीच्याच नावाची क्वेर्कस आणि प्रामुख्याने यूरेशियातली सेरिस. वाटीवर कडी असलेले आशियाई ओक पूर्वी अनेक जण वेगळे काढीत, ते सेरिसमध्येच बसले. मला सर्वांत मोलाची वाटते ती कॉकेशसमधली पॉन्टिका आणि कॅलिफोर्निया-ओरेगॉनमधली सॅडलेरियाना यांची जोडी. मध्ये खंडे पसरलेली असूनही या जाती एकमेकींच्या सख्ख्या नातलग आहेत.

हीच कसोटी आपल्याकडच्या ओकांनाही लागते. सह्याद्रीत ओक निसर्गतः वाढत नाही. उत्तराखंडातले बांज, मोरू आणि खर्सू हे ओक मात्र सेरिस शाखेतल्या इलेक्स विभागाचे आहेत. त्यांची जात केवळ हरितलवकाच्या एका तुकड्यावरून ठरवलेली असेल, तर ती ओळख मान्य करता येणार नाही.