ठोंब-विभाजन

बहुवर्षायू झाडाचा वाढलेला ठोंब उपटून, मुळांसह त्याचे तुकडे करून ते नव्या जागी लावण्याची पद्धत. बी न धरणाऱ्या किंवा क्वचितच धरणाऱ्या झाडांसाठी ती सर्वांत भरवशाची आहे. गवती चहा हे अशा झाडांचे घरोघरी दिसणारे उदाहरण. त्याला फुलोरा क्वचितच येतो, त्यामुळे ठोंबच फोडावा लागतो.

तीन-चार वर्षांनी गवती चहाचा ठोंब मधून पोकळ होऊ लागतो. वाळक्या पात्यांचा तपकिरी गाभा उरतो आणि हिरवे फुटवे कडेलाच येतात. ही विभाजनाची खूण. आधी पाती वीतभर ठेवून कापतात, मग कुदळीने सभोवार खणून ठोंब उचलतात. माती झटकली की फुटवे हातानेच सुटतात. दोन-तीन फुटव्यांचा, पांढरी मुळे असलेला तुकडा घ्यावा. गाभा टाकून द्यावा. मुळे उन्हात वाळू देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय.

नाशिक जिल्ह्यातील पेठसारख्या सह्याद्रीच्या पावसाळी तालुक्यात लावणीस मृगानंतरचा काळ सोयीचा. ढगाळ हवेत पाने कमी सुकतात. मात्र पाणी साचणाऱ्या खळग्यात मुळे कुजतात, म्हणून उतार किंवा बांध निवडावा. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर पुरते.

कंद असलेल्या झाडांचेही असेच विभाजन करतात. कर्दळीच्या प्रत्येक तुकड्यावर किमान एक डोळा हवा. निशिगंधाचे कंद पाने पिवळी पडल्यावरच काढतात.