आडावरची सभा

साल 2004, मे महिना. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावात पहाटे चारला सासू हाक मारते आणि तू उठतेस. डोक्यावर चुंबळ, काखेत कळशी. आडाभोवती बारा-पंधरा हंडे आधीच रांगेला. तळाशी झरा करंगळीएवढा. एकजण आत उतरून वाटीवाटीने घागर भरते, वरच्या दोर ओढतात. तुझी पाळी यायला उजाडणार.

"टाकीला पाणी कुठून घेणार म्हणं?"

"देवळामागच्या हिरीतून."

"ती तर पाडव्यालाच आटती की, माय!"

हे पारावरच्या माणसांना ठाऊक नसतं. पाडव्यानंतर तिथून रिकामी कळशी घेऊन परतणारी तू असतेस.

गावात 'जलस्वराज्य' आलंय. जागतिक बँकेच्या कर्जातला प्रकल्प: दहा टक्के लोकवर्गणी, पाणी समितीत निम्म्या बायका, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. सरकारी माप माणशी रोज 40 लिटर. तुझ्या घरात सात माणसं, म्हणजे 280 लिटर. पंधरा लिटरच्या हंड्याने एकोणीस खेपा. तू सहा करतेस. त्यातच शेळीचंही भागतं.

रांगेपासून चार हात लांब वस्तीवरच्या दोघी उभ्या आहेत. त्यांच्या भांड्यात वरून ओतलं जातं, तेही सगळ्यांचं झाल्यावर. रांगेतल्या गप्पांना त्या हुंकारही देत नाहीत.

दुपारी मारुतीच्या देवळात सभा. बायका सतरंजीवर, वस्तीच्या दोघी दाराच्या उंबऱ्यापाशी. सभा बायकांची, तरी पुरुष पारावर कान देऊन. रजिस्टर फिरतं, अंगठे उठतात. कागदापुरती सभा इथंच संपली असती. तू कशीबशी उठतेस, पदर सावरतेस, देवळामागची विहीर पाडव्यालाच आटते म्हणून सांगतेस. पारावर कुणीतरी हसतं.

"मग पाणी हाय कुठं?" ग्रामसेवक विचारतो.

उंबऱ्यापाशी हालचाल होते. "ओढ्याकाठी, आमच्या वस्तीखाली. गेल्या मेमध्ये बी होतं."

सगळ्या गप्प. टाकीत ते पाणी येणार म्हणजे काय, हे प्रत्येकीला कळलंय. एकीने तोंड वाकडं केलं, तुझ्या चुलत सासूनेच. तू खाली बघतेस. आडावर रोज त्यांच्या भांड्यात ओतणारा हात तुझाच.

ग्रामसेवकाचं पेन थांबतं. तो पाराकडे बघतो.

"तिकडं काय बघता, भाऊसाहेब?" सासू म्हणते. "लिवा."