घरात बंदूक असावी का? पेठचा एक जुना प्रश्न

 

आजचा विषय मी निवडलेला नाही, एका तरुणाने तो मला दिला. मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "सर, आमची वस्ती गावापासून लांब आहे. रात्री कुणी आलं तर करायचं काय? परवाना काढून पंपवाली बंदूक घ्यावी म्हणतोय. घरासाठी ती चांगली असते ना?" पंपवाली म्हणजे पंप-अ‍ॅक्शन शॉटगन. त्याने ती मोबाइलवर पाहिली होती.

मी इतिहासाचा माणूस, बंदुकीचा व्यापारी नाही. पण त्याच्या प्रश्नात भीती होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणून म्हटलं, नीट उत्तर देऊ. त्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल, कारण बंदूक कुणी ठेवायची हा प्रश्न पेठला नवा नाही.

१८५७ चा डिसेंबर. त्या वेळी पेठ हे डोंगरातलं छोटं संस्थान होतं. या भागातल्या कोळी आणि भिल्ल लोकांनी उठाव केला. आज त्र्यंबकेश्वर तालुक्यात असलेल्या हरसूलचा बाजार लुटला गेला. उठाव मोडल्यावर पेठच्या गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव नीलकंठराव यांना फाशी झाली. त्याच सुमारास सिन्नरकडे भागोजी नाईकांचं बंड चालू होतं. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे इथे पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला होता. आता इंग्रजांनी काय केलं बघा. एकीकडे कॅप्टन नटॉलच्या हाताखाली कोळी लोकांचीच पलटण उभी केली, म्हणजे त्यांच्या हातात सरकारी बंदूक दिली. दुसरीकडे गावोगावची हत्यारं गोळा करायला सुरुवात केली. माणसं त्याच डोंगरातली. सरकारच्या बाजूने उभा राहील त्याला बंदूक मिळाली, बाकीच्यांची काढून घेतली.

१८५७ च्याच कायद्याने हत्यारांना परवाना लागू लागला. त्याचा भडका कुठे उडाला? मुधोळ संस्थानातल्या हलगलीला. तिथल्या बेडर लोकांनी हत्यारं द्यायला नकार दिला. त्यांच्यासाठी हत्यार म्हणजे पोटाचं साधन आणि घराण्याची अब्रू. नोव्हेंबर १८५७ मध्ये गावावर फौज गेली, गाव जाळलं गेलं, माणसं फासावर चढली. तेव्हा "परवाना" हा आपल्याला आज रुक्ष वाटणारा शब्द असा रक्तातून आलेला आहे.

पुढे १८७८. या एका सालात आपल्यासाठी दोन गोष्टी घडल्या. पेठच्या बेगमसाहेबांच्या मृत्यूनंतर संस्थान थेट इंग्रजी अमलाखाली आलं. आणि व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना आवश्यक झाला, युरोपियनांना मात्र नियमांतून सूट. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस या कायद्याविरुद्ध ठराव करत होती. तक्रार बंदुकीच्या हौसेची नव्हती. आमच्यावर विश्वास का नाही, ही होती.

आता जरा अमेरिकेकडे जाऊ, कारण पंप बंदूक तिथली. अमेरिकेत १८८२ च्या सुमारास स्पेन्सरची पंप बंदूक बाजारात आली. पण ती खरी रुजवली जॉन ब्राउनिंग या कारागिराने. त्याच्या आराखड्यावर विंचेस्टर कंपनीने १८९७ चं मॉडेल काढलं. हे नाव नाशिककरांना अनोळखी नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगच होतं. कारागीर एकच. त्याचं पिस्तूल आपल्याकडे चोरून आलं, कारण सरळ मार्गाने ते मिळणं शक्यच नव्हतं. त्याची पंप बंदूक मात्र अमेरिकेत शेतकऱ्याच्या घरी, शिकाऱ्याच्या खांद्यावर आणि पुढे पोलिसांच्या गाडीत गेली. पहिल्या महायुद्धात ती खंदकात उतरली, तेव्हा १९१८ मध्ये जर्मनीने निषेध नोंदवला की हे हत्यार युद्धनियमांत बसत नाही. १९५० मध्ये रेमिंग्टनची ८७० आली आणि तिचे कोट्यवधी रुपयांचे नव्हे, तर कोटीच्या घरात नग खपले. घरच्या संरक्षणाची बंदूक म्हणजे पंप, ही समजूत तिथे तयार झाली. आपल्या तरुणाच्या मोबाइलवर तीच आली.

आपल्याकडे काय झालं? स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला, तो १९६२ पासून लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात एक गोष्ट स्पष्ट आहे. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांचा परवाना देण्याचा विचार कायद्यानेच केलेला आहे. म्हणजे पिकाची राखण हे कारण थेट कायद्यात आलं. डोंगरपट्ट्यातल्या जुन्या माणसांना हे माहीत आहे. नळीच्या तोंडातून दारू भरायची, चिंधी ठासायची, छर्रे टाकायचे, परत ठासायचं, आणि रात्री माळ्यावरून बार काढायचा. नागली, भात, वरई रानडुकरांपासून वाचवायची. बहुतेक वेळा तो बार हवेतच. आवाज झाला की काम झालं.

मग १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारीला बंदी आली. रानडुकराला मारायचं तरी आता परवानगी लागते, आणि बिबट्याचं तर नावच काढू नका. पिकाच्या बंदुकीचं काम तिथे बरंचसं संपलं. पुढे नियम आवळत गेले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. निवडणूक आली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायची, हे तर आपण पाहतोच.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. पंप बंदूक हत्यार म्हणून कशी आहे?

आधी तिचं चांगलं सांगतो. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल, ती बारा बोअरची नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. दुनळीत दोन काडतुसं बसतात. पंपात नळीखाली दुसरी एक नळी असते, तिच्यात चार-पाच काडतुसं राहतात. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. सगळं हाताच्या जोरावर. त्यामुळे काडतूस हलकं असो की भारी, यंत्र चालतं. किंमत तुलनेने कमी, रचना साधी. आपल्या सरकारी आयुधनिर्माणीनेही अशी बंदूक बनवली आहे. यंत्र म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही.

पण घर कुणाचं आहे ते बघा. एक लोकप्रिय समजूत आहे की छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम लागत नाही, छर्रे पसरतात. खोलीतल्या खोलीत, चार-पाच मीटरवर, छर्रे जेमतेम तळहाताएवढे पसरतात. नेम चुकला तर सगळेच चुकतात. मग ते जातात कुठे? आपल्या वाड्या-पाड्यांवर अजून कुडाच्या भिंती आहेत. कारवीच्या काड्या, वर माती आणि शेणाचा गिलावा. मोठे छर्रे अशी भिंत सहज पार करतात. पलीकडे कोण झोपलंय? आई, पोरं, नाहीतर शेजारचा चुलता. अमेरिकेतल्या चर्चेत भिंतीचा मुद्दा येतो, पण तिथे प्रत्येकाची झोपायची खोली वेगळी असते. आपल्याकडे एका घरात आठ माणसं झोपतात, त्यातली दोन ओटीवर. अंधारात ओटीवर हललेली सावली चोराची की लघवीला उठलेल्या आजोबांची, हे अर्ध्या झोपेत कळायला हवं.

दुसरी गोष्ट सरावाची. घाबरलेला माणूस मूठ अर्धवट ओढतो आणि काडतूस अडकतं. हे टाळायला सराव लागतो, सरावाला काडतुसं लागतात, आणि काडतुसांची संख्या परवान्यावर लिहिलेली असते. त्यात आपला पाऊस. चार महिने दमट हवेत लोखंड गंजतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. दिवाळीनंतर आपल्यातली किती घरं बंद होतात? बिऱ्हाड पाठीवर घेऊन माणसं दिंडोरीला, निफाडला द्राक्षबागांवर जातात. मागे म्हातारी माणसं, किंवा नुसतं कुलूप. त्या कुलपाच्या आत बंदूक ठेवणार का? घर राखायला आणलेली बंदूकच चोराला सगळ्यात किमती वस्तू ठरेल. आणि ती उद्या कुठे वापरली गेली तर पोलीस पहिल्यांदा परवानाधारकाच्या दारात येतील. दरवर्षी जाताना ती जमा करायची तयारी हवी.

आणि कायदा. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे. तो आधी भारतीय दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. रात्रीची घरफोडी, जबरी चोरी, राहत्या घराला आग, अशा प्रसंगी तो हक्क फार लांबपर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा त्यात बसत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातले तर हे कलम तुमच्या पाठीशी उभं राहील, अशा भरवशावर राहू नका.

इथे मागच्या रांगेतून एका बाबांनी विचारलं, "मग आम्ही काय नुसतं बसून राहायचं? ठाण्यातून गाडी यायला किती वेळ लागतो ठाऊक आहे ना?"

बाबा, तुमचं खरं आहे. पावसात सावळघाटाचा रस्ता कसा असतो हे मी पाहिलंय. पाड्यावर पोचायला त्याहून वेळ लागतो. लांब वस्तीवर एकटं राहणाऱ्या, वर्षभर घरीच असणाऱ्या, पक्क्या भिंती आणि भिंतीत रोवलेली लोखंडी पेटी असणाऱ्या, सराव करायची तयारी असणाऱ्या माणसाने परवाना मागितला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. कायद्याने दिलेला तो मार्ग आहे, आणि हत्यारावर विश्वास न ठेवण्याचा अपमान आपल्या आजोबा-पणजोबांनी पुरेसा सोसला आहे. तशा माणसालाही पंपापेक्षा साधी दुनळी सोयीची पडेल असं माझं मत. उघडली की भरलेली आहे की रिकामी ते डोळ्यांना दिसतं. पंपात एक काडतूस आत राहून गेलेलं वरून कळत नाही, आणि घरात पोरं असतात.

पण बाकीच्या घरांचं काय? पाड्याची राखण आजवर कुणी केली ते आठवा. जागल्या होता, कुत्री होती, हाळी दिली की शेजारची पाच घरं काठ्या घेऊन बाहेर यायची. माळ्यावरचा बारसुद्धा मुळात हाळीच होती, जरा मोठ्या आवाजाची. आज जागल्या गेला, निम्मी घरं बागांवर गेली, म्हणून त्या पोराला एकटं वाटतंय आणि बंदूक आठवतेय. पोलीस पाटील आहेत, ग्रामरक्षक दलाची सोय आहे, अंगणात सौरदिवा लावता येतो, आतून भक्कम अडसर बसवता येतो, शेजाऱ्यांचे नंबर एकत्र ठेवता येतात. द्राक्षाच्या हंगामात कोण मागे राहणार याची यादी गावाने दिवाळीआधी करावी, आणि मागे राहणाऱ्यांच्या घरी रात्री कोण फेरी मारणार हे त्याच बैठकीत ठरवावं.

तो तरुण आज इथे बसलाय. त्याला मी एवढंच सांगेन, अर्ज करायचा तर कर, तुझा हक्क आहे. पण अर्जात "कारण" लिहायची जागा असते. तिथे लिहिण्याआधी दिवाळी ते होळी तुझ्या घरात कोण असतं, ते आधी मला सांग.