पूर्व लॉस एंजेलिसचा छापखाना

२९ ऑगस्ट १९७० रोजी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारोंचा मोर्चा निघाला. त्यात बहुतेक मेक्सिकन वंशाचे लोक होते. ते स्वतःला ‘चिकानो’ म्हणवून घेत. आपल्या वस्त्यांतली पोरं लोकसंख्येच्या मानाने जास्त संख्येने का मरताहेत, हा त्यांचा सवाल होता. लगूना पार्कमधली सभा पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरून उधळली. त्याच दुपारी पत्रकार रूबेन सालाझार जवळच्या एका बारमध्ये बसले असताना शेरीफच्या शिपायाने अश्रुधुराचं नळकांडं आत झाडलं. ते डोक्यात लागून सालाझार जागीच ठार झाले. आज त्या बागेला त्यांचं नाव आहे.

त्याच वर्षी, त्याच भागात, एका गॅरेजमध्ये चित्रं छापायला सुरुवात झाली. सिस्टर कॅरन बोक्कालेरो ही इटालियन वंशाची फ्रान्सिस्कन नन. मेक्सिकोहून आलेले कार्लोस ब्वेनो आणि अंतोनियो इबान्येस हे दोन चित्रकार आणि आणखी काही चिकानो कलाकार तिच्या सोबतीला होते. यातूनच ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ ही संस्था उभी राहिली. सिस्टर कॅरनच्या आठवणी सांगणारे लोक तिची सिगारेट आणि फटकळ जीभ हमखास सांगतात. मला तिची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ती कोरिटा केंटची विद्यार्थिनी. कोरिटाही ननच होती आणि तिने स्क्रीन प्रिंटिंगमधून युद्धविरोधी चित्रं केली होती. चित्र स्वस्तात छापता आलं तर ते गरिबाच्या भिंतीवरही लागू शकतं, हा धडा शिष्येने तिथूनच घेतला असावा.

स्क्रीन प्रिंटिंग आपल्याला लग्नपत्रिकांमुळे माहीत आहे. लाकडी चौकटीवर ताणलेलं जाळीदार कापड, त्यावरून रबरी पट्टीने ओढलेली शाई, प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट. यंत्र महाग नाही, मेहनत मात्र भरपूर. ज्यांना गॅलरीची दारं बंद होती, त्यांना हे माध्यम परवडणारं होतं.

दारं बंद होती, हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या मोठ्या कला संग्रहालयातल्या एका अधिकाऱ्याने चिकानोंची चित्रं प्रदर्शनात का नाहीत, याचं अपमानास्पद उत्तर दिलं. तेव्हा ‘आस्को’ या गटातल्या तिघा तरुणांनी रात्री जाऊन संग्रहालयाच्या भिंतीवर स्प्रेने आपली नावं लिहिली. चौथी, पात्सी वाल्देस, त्या नावांजवळ उभी राहिली आणि फोटो काढला गेला. मग संग्रहालयाने भिंत रंगवून टाकली. त्या फोटोशिवाय त्या कृतीचं काहीच उरलं नसतं.

सेल्फ हेल्पने वेगळा रस्ता धरला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्वेनो आणि इबान्येस यांच्या पुढाकाराने तिथे ‘दीआ दे लोस म्वेर्तोस’ सुरू झाला. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, त्या माणसाला आवडणारे पदार्थ आणि साखरेच्या कवट्या ठेवतात. अमेरिकेत वाढलेल्या कित्येक चिकानोंना हे फक्त आजीच्या तोंडून ऐकून माहीत होतं. त्यामुळे आधी कार्यशाळा घ्याव्या लागल्या: मुखवटे कसे करायचे, वेदी कशी मांडायची. मग एव्हरग्रीन दफनभूमीपासून मिरवणूक निघू लागली. चेहऱ्यावर कवट्या रंगवलेली माणसं, पोरंबाळं, म्हातारी, रस्त्याच्या मधून.

जुनी परंपरा ‘जपली’ असं म्हणण्याची आपल्याला सवय आहे. इथे ती शिकवून, जमवून, बऱ्याच अंशी नव्याने घडवली गेली. त्यामुळे ती खोटी ठरत नाही. वेदीवर ठेवलेला फोटो कुणाच्या तरी बापाचाच असतो.

१९७५ च्या सुमारास संस्थेने एक व्हॅन रंगवली आणि चित्रकलेचं सामान घेऊन ती शाळांच्या दारात, गल्लीबोळांत फिरू लागली. १९७० चं दशक संपता संपता ब्रुकलिन अ‍ॅव्हेन्यूवर चर्चच्या मालकीची जुनी इमारत नाममात्र भाड्याने मिळाली. वरच्या सभागृहात काही काळ पंक रॉकच्या मैफली झाल्या, हे कळलं तेव्हा मला हसू आलं. ननच्या छापखान्यात पंक! एदुआर्दो ओरोपेसाने इमारतीच्या भिंतींवर फुटक्या काचा आणि भांड्यांचे तुकडे चिकटवून त्या चमकवल्या. १९८०च्या दशकात कलाकारांना बोलावून निष्णात छपाईकारासोबत चित्रमाला छापण्याचा उपक्रम सुरू झाला. छापलेल्या प्रतींपैकी काही कलाकाराला, काही संस्थेला मिळायच्या. विक्रीतून शाईचा खर्च निघायचा. एकेकाळी ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांची इथली चित्रं पुढे संग्रहालयांनी विकत घेतली.

१९९७ साली सिस्टर कॅरन वारली. त्यानंतर पैशाची ओढाताण वाढली. २००५ मध्ये दारं अचानक बंद झाली, कलाकार रस्त्यावर आले आणि ती पुन्हा उघडली. २००८ मध्ये चर्चने इमारत विकली. तीस वर्षांच्या मिरवणुका आणि ओरोपेसाची चमकती भिंत, यातलं काहीही मालकीच्या कागदावर नव्हतं. २०११ साली संस्था बॉइल हाइट्सला पहिल्या रस्त्यावर गेली.

तिथे नवा पेच होता. मेट्रो आली, बाहेरच्या गॅलऱ्या आल्या, भाडी चढली. २०१६ मध्ये रहिवाशांनी गॅलऱ्यांविरुद्ध निदर्शनं केली. चित्रांच्या मागोमाग घरमालकाची नोटीस येते, असा त्यांचा अनुभव होता. या टीकेतून सेल्फ हेल्पही सुटलं नाही. मला रहिवाशांचा राग समजतो, पण भाडं वाढवणारा आणि भाडं भरणारा यांना एकाच रांगेत उभं करणं पटत नाही.

त्याआधी, २०१३ मध्ये, डिस्ने कंपनीने ‘दीआ दे लोस म्वेर्तोस’ या नावावरच व्यापारी हक्क मागितला होता. चित्रपट येणार होता, खेळणी विकायची होती. ओरड इतकी झाली की अर्ज मागे घ्यावा लागला. सणाचं नाव वाचलं. छापखान्याच्या छपराचा प्रश्न आणखी पाच वर्षं चालला. २०१८ मध्ये पहिल्या रस्त्यावरची ती इमारत संस्थेने विकत घेतली.