बेडकाच्या तंगडीपासून मोबाईलच्या मनोऱ्यापर्यंत

आमच्या घरासमोरील इमारतीवर मोबाईलचा मनोरा उभा राहिला, तेव्हां शेजारच्या सूनबाईंनीं मला विचारलें, “गुरुजी, या लहरींनीं मुलांना कांहीं अपाय तर होणार नाहीं ना?” प्रश्न एका आईचा होता, त्याला थातुरमातुर उत्तर देणें मला बरें वाटलें नाहीं. खरें उत्तर शोधावयाचें तर सुमारें अडीचशें वर्षें मागें जावें लागतें.

इटलींतील बोलोन्या येथें लुइजी गॅल्व्हानी हा शरीरशास्त्राचा अध्यापक १७८० च्या सुमारास बेडकांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करीत होता. एकदां साहाय्यकानें सोललेल्या तंगडीच्या तंतूला चाकूचें टोक लावलें. त्याच क्षणीं बाजूच्या विद्युद्यंत्रांतून ठिणगी उडाली आणि ती मेलेली तंगडी ताडकन् आंखडली. यंत्राला ती तारेनें जोडलेली नव्हती! गॅल्व्हानीनें हे प्रयोग १७९१ सालीं प्रसिद्ध केले. प्राण्यांच्या अंगांतच वीज असते, असें त्याचें मत झालें. व्होल्टाला तें पटेना. वीज धातूंची, बेडूक केवळ तिचा साक्षी, असें तो म्हणे. या वादांतूनच १८०० सालीं व्होल्टाची विद्युद्घटमाला जन्मास आली. पुढें दोघेहि अर्धे अर्धे खरे ठरले: धातूंपासून वीज होते, आणि जिवंत पेशींतहि ती असते.

परंतु बाहेरची वीज पेशीवर काय परिणाम करते? याचा उलगडा करूं लागला तो पॅरिसचा आर्सेन द’आर्सोनव्हाल. प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदाला १०,००० च्या वर नेलीं कीं स्नायू आंखडत नाहींत, हें त्यानें १८९० नंतरच्या कांहीं वर्षांत दाखविलें. एरवीं प्राण घेईल एवढा प्रवाह अतिशीघ्र केला असतां अंगाला केवळ ऊब देई. उलट १८९६ सालीं मंदगति चुंबकीय क्षेत्राच्या वेटोळ्यांत डोकें ठेवलें, तेव्हां डोळ्यांपुढें प्रकाश लुकलुकूं लागला.

असें कां व्हावें? तंतूच्या पेशीच्या आवरणावर सुमारें ७० मिलिव्होल्टांचा विद्युद्दाब असतो. तो पुरेसा बदलला तरच तंतु जागृत होतो, आणि बदलण्यास थोडा अवधि लागतो. वाड्याचा जड दरवाजा क्षणांत ढकलला व क्षणांत ओढला, तर तो उघडत नाहीं. बिजागरी मात्र तापते. अतिशीघ्र लहरींचें तसेंच आहे. मोबाईलच्या लहरी सेकंदाला कोट्यवधि वेळां दिशा पालटतात. म्हणून त्यांचा निश्चित सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. क्ष-किरणांप्रमाणें रेणूंतील बंध तोडण्याइतकी शक्ति त्यांच्या कणांत नसते.

भारतांत मोबाईल फोनची मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅमला १.६ वॅट अशी आहे. ती या उष्णतेच्याच हिशेबावर आधारलेली आहे. तथापि २०११ सालीं कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेनें या लहरींना ‘कदाचित् कर्करोगजनक’ या वर्गांत घातलें. याचा अर्थ दोष सिद्ध झाला असा नव्हे. पुरावा तोकडा होता, पण शंका अगदींच सोडून देण्याजोगी नव्हती, एवढाच.

मीं सूनबाईंना सांगितलें, “बाई, अंतर वाढलें कीं लहरींचें बळ झपाट्यानें घटतें. म्हणून समोरच्या मनोऱ्यापेक्षां मुलाच्या कानाशीं तासन्‌तास असलेल्या फोनकडे आधीं पाहा.” त्या हंसल्या, आणि घरांत जाऊन मुलाच्या हातांतला फोन त्यांनीं काढून घेतला.